एमएसचा अटॅक, सोलापूरचं ऊन आणि स्टेरॉइडचं सलाईन

एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा ४२ अंशांच्या वर जातो. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस असलेला कामगार अशा दुपारी यंत्रमागाच्या शेडमधून बाहेर पडतो आणि पाय उचलेनासे होतात, एका डोळ्याला धुरकट दिसतं. घरच्यांना लगेच मागच्या अटॅकच्या वेळी दिलेलं स्टेरॉइड आठवतं. घाई इथेच नडते.

एमएसमध्ये प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरचं मायलिनचं वेष्टण पोखरते. वेष्टण गेलेल्या तंतूतून संदेश कसाबसा जातो. अंगाचं तापमान अर्ध्या अंशाने वाढलं तरी तो अडू शकतो. जुनीच लक्षणं अशी वर येतात आणि सावलीत बसून ओल्या टॉवेलने अंग पुसलं की काही तासांत ओसरतात. नवी सूज नसल्याने इथे स्टेरॉइडला काही कामच नसतं. खरा अटॅक, म्हणजे नव्या सुजेमुळे आलेली लक्षणं, २४ तासांहून जास्त टिकतो आणि त्या वेळी ताप किंवा संसर्ग नसतो. सगळ्यांत फसवा असतो लघवीचा संसर्ग. एमएसमध्ये मूत्राशयाची जाणीव कमी झालेली असली तर जळजळ होतेच असं नाही, म्हणून सलाईन लावण्याआधी लघवीची तपासणी हवीच. क्षयरोगाची शंकाही आधी मिटवावी.

अटॅक खरा असेल आणि चालणं, दिसणं किंवा हातकाम अडलं असेल, तर साधारणपणे मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड १ ग्रॅम रोज, ३ ते ५ दिवस, सलाईनमधून देतात. मुंग्यांपुरता सौम्य अटॅक औषधाविनाही उतरतो. सलाईन किमान तासभर चालावं. एवढा मोठा डोस काही मिनिटांत शिरेत गेला तर हृदयाचे ठोके बिघडून जीवावर बेतू शकतं, म्हणून ‘लवकर संपवा’ असा आग्रह नर्सकडे धरू नये. डोस सकाळी घेतला तर रात्रीची झोप थोडी तरी वाचते. तोंडाला धातूची चव येणं आणि चेहरा लाल होणं तात्पुरतं असतं.

मधुमेह असेल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. सकाळच्या डोसनंतर साखर दुपारी-संध्याकाळी चढते. फक्त उपाशीपोटी तपासली तर ती बरी दिसते आणि सगळे गाफील राहतात. मीठ अंगात पाणी धरतं, तेव्हा कडक भाकरी चालेल, पण खारट शेंगा चटणी त्या आठवड्यात बेतानेच.

हे औषध करतं काय? रक्तातून मेंदूत पेशी घुसू न देणारा अडसर पुन्हा घट्ट करतं आणि सूज उतरवतं. त्यामुळे बरं होणं लवकर येतं. मात्र महिन्यांनंतर किती भरून निघेल, हे त्याने फारसं बदलत नाही. जुन्या चिठ्ठीवर औषधाच्या दुकानातून थोड्या गोळ्या घेणं तर घातकच. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत, डोळ्याच्या नसेच्या सुजेवर नुसत्या नेहमीच्या मात्रेच्या प्रेडनिसोन या स्टेरॉइडच्या गोळ्या घेतलेल्यांना तोच त्रास पुन्हा होण्याचं प्रमाण वाढलं होतं. मिथाइलप्रेडनिसोलोनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या, रोज ५०० मिलिग्रॅम ५ दिवस, हा वेगळा आणि मान्य उपचार आहे, पण तो मेंदूविकारतज्ज्ञांनी ठरवायचा.

कोर्सनंतर काही आठवड्यांनी वा महिन्यांनी जांघेत दुखू लागलं, तर वात म्हणून तेल चोळत बसू नये. स्टेरॉइडने खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटू शकतो आणि सुरुवातीला हा बिघाड एक्स-रेत दिसत नाही, एमआरआय लागतो.