स्क्रीनवरचा जांभळा भिंतीवर का पोचत नाही

पहिली प्रिंट हातात आली तेव्हा मला खरंच वाटलं की दुकानदाराने चुकून दुसऱ्याच कुणाचा फोटो दिलाय. फोटो माझाच होता, कासच्या पठारावरचा, भाद्रपदातला. सडाभर सीतेची आसवं फुललेली, मधेमधे गेंदाचे पांढरे ठिपके, पुढे पावसाने काळा पडलेला जांभा आणि मागे धुक्यात अर्धवट विरघळलेला कडा. लॅपटॉपवर तो जांभळा असा काही दिसत होता की आईसुद्धा म्हणाली, "अरे हा मोठा करून हॉलमध्ये लाव की." आणि प्रिंटमध्ये आला शाई सांडल्यासारखा मळकट निळा. वर धुकं करडं, कातळ म्हणजे नुसता काळा डाग.

दुकानाचं नाव सांगत नाही, कारण नंतर कळलं की निम्म्याहून जास्त चूक माझीच होती. फाईल मी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली होती. आता हसा.

पण तिथनं जे खोदायला लागलो ते दीड वर्ष चाललं, आणि लक्षात आलं की आपण ज्याला "प्रिंट मारणं" म्हणतो त्यात दहावीच्या पुस्तकातलं बरंचसं फिजिक्स आणि केमिस्ट्री गुपचूप बसलेलं असतं.

आधी रंगाचं बघू. स्क्रीन स्वतः उजेड फेकते. लाल, हिरवा, निळा असे तीन बारके दिवे, त्यांच्या कमीजास्त मिश्रणातनं बाकी सगळं. ही युक्ती जेम्स क्लर्क मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने १८६१ मध्येच दाखवली होती, एका चौकड्याच्या रिबिनीचे तीन रंगांच्या द्रावणांतून तीन फोटो काढवून ते तीन कंदिलांनी पडद्यावर एकावर एक टाकून. कागदाचं उलटं आहे. कागद उजेड फेकत नाही, खोलीतल्या उजेडातला काही भाग शाई खाते आणि उरलेला तेवढा आपल्या डोळ्यात येतो. स्क्रीनवर बेरीज आणि कागदावर वजाबाकी. आणि वजाबाकीत जांभळट निळा हा सगळ्यात दुबळा गडी, कारण तो करायचा म्हणजे सायन (आकाशीसारखी) आणि मजेंटा (राणीसारखी) या शाया एकावर एक मारायच्या, आता आदर्श सायनने फक्त लाल खायला पाहिजे आणि आदर्श मजेंटाने फक्त हिरवा, पण खऱ्या शाया एवढ्या शहाण्या नसतात, मजेंटा चोरून निळाही खाते, सायन हिरव्यातला थोडा खाते, आणि दोघी मिळून जो निळा-जांभळा उरतो तो अंधारा आणि मळका. म्हणून भारीतल्या प्रिंटरमध्ये चार नाही तर दहा-बारा शाया असतात. फिक्कट सायन, फिक्कट मजेंटा, दोन-तीन करडे, ग्लॉसीला वेगळा काळा, मॅटला वेगळा काळा, आणि काही मशिनींत खास जांभळी किंवा निळी शाई. ती एक शाई कासच्या फोटोसाठी सोन्याच्या मोलाची आहे.

एवढं करूनही स्क्रीनवरचे काही रंग कागदाला जमतच नाहीत. मग काय करायचं? इथे प्रोफाईल नावाची गोष्ट येते, म्हणजे अमुक प्रिंटर, अमुक शाई, अमुक कागद या तिघांचा मिळून कुठला रंग कसा उमटतो याचं मोजून केलेलं टिपण. १९९३ मध्ये आठ कंपन्यांनी एकत्र येऊन इंटरनॅशनल कलर कन्सोर्शियम काढलं आणि या टिपणाला एक सामाईक भाषा दिली, म्हणून आज साताऱ्यातली फाईल पुण्यातल्या मशीनला कळते. पण टिपणाने जागा वाढत नाही. समजा पंगत तीनशेची आहे आणि पाहुणे आले चारशे. एक उपाय, सगळ्यांनी जरा जरा सरकून बसायचं, म्हणजे सगळे रंग थोडे थोडे फिके होतात पण त्यांच्यातलं आपापसातलं अंतर टिकतं. दुसरा उपाय, जे आधी बसलेत त्यांना हलवायचं नाही, बाकीचे सगळे शेवटच्या पाटावर कोंबायचे. माझ्या पहिल्या प्रिंटमध्ये हेच झालं होतं, जांभळ्याच्या पाच-सहा छटा एकाच पाटावर बसल्या आणि फुलांचा झाला सपाट पट्टा. कुठला उपाय घ्यायचा हे फोटो बघून माणसाने ठरवायचं असतं, आणि चांगला प्रिंटवाला कोण हे मी तरी आता यावरूनच ओळखतो. फाईल घेतली आणि सरळ कमांड दिली की समजायचं.

"प्रिंट डार्क आली" ही तक्रार मात्र बहुतेक वेळा प्रिंटची नसतेच. आपण लॅपटॉपचा ब्राइटनेस फुल ठेवून फोटो एडिट करतो, म्हणजे अडीचशे-तीनशे निट्स (स्क्रीनच्या उजेडाचं माप), आणि प्रिंट बघतो हॉलच्या एका बल्बखाली. प्रिंटसाठी एडिट करताना स्क्रीन ८० ते १२० निट्सवर आणतात. मी आणली तेव्हा डोळे चोळले, इतका अंधार वाटला, आणि मग कळलं की फोटोच मुळात अंधारा होता.

दुसरी प्रिंट पुण्याला केली. तिथल्या दादाने आधी फोटो बघितलाच नाही, विचारलं, "लावणार कुठे? भिंत कुठली? समोर खिडकी आहे का? लाईट कुठला?" मला वाटलं वास्तुशास्त्रवाला आहे की काय. मग त्याने फोटोतली दोन बोटं रुंदीची पट्टी, ज्यात फुलं, कातळ आणि धुकं तिन्ही येतील अशी, तीन वेगवेगळ्या कागदांवर मारून दिली आणि म्हणाला, घरी न्या, त्या भिंतीवर चिकटवा, चार दिवस येताजाता बघा, मग फोन करा.

हे काम सगळ्यांनी करावं असं मला वाटतं. सकाळी खिडकीच्या उजेडात पट्टीतला जांभळा अगदी सड्यावरचा. रात्री स्वस्तातल्या एलईडीखाली तोच जांभळा निळ्याकडे झुकलेला, जणू कुणी बदलून ठेवला. कारण पांढरा एलईडी खरा पांढरा नसतोच, आत निळी चिप आणि तिच्यावर पिवळट फॉस्फरचा लेप, त्यात गडद लाल कमी पडतो. आणि फुलाचा जांभळा म्हणजे निळा अधिक लाल. उजेडातच लाल नसेल तर कागद परत पाठवणार काय? शेवटी नव्वदच्या वर सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचे शंभरपैकी गुण) असलेला बल्ब आणला, जो नेहमीच्या बल्बपेक्षा महाग होता पण अख्ख्या प्रकरणात सगळ्यात पैसे वसूल तोच.

कागदाचा किस्सा तर त्याहून भारी. तीन पट्ट्यांपैकी एक लखलखीत पांढरी होती आणि मला तीच आवडली होती. दादाने नोटा तपासायची यूव्ही बॅटरी काढली, पट्टीवर मारली, पट्टी निळी पेटली. दुसरी, कापसाच्या कागदाची, तिच्यावर मारली तर ढिम्म. मग खिशातली शंभराची नोट काढून मारली, तिच्यावरचे आकडे आणि बारीक धागे चमकले, पण कागद ढिम्मच. आपल्या नोटा कापसाच्या कागदाच्या असतात आणि त्यात ब्राइटनर नसतं. लखलखीत कागदात असतं. ते अतिनील किरण पितं आणि निळा उजेड बाहेर टाकतं, म्हणून कागद पांढऱ्याहून पांढरा वाटतो, कपड्याच्या पावडरीत जे असतं त्याचाच भाऊ. वर्षानुवर्षं उजेड खाऊन ब्राइटनर थकतं आणि मग कागद आपल्या मूळ पिवळट रंगावर येतो, तुमच्या फोटोतलं धुकंही त्याच्याबरोबर पिवळं. लाकडाच्या लगद्यात लिग्निन (लाकडातला पिवळा पडणारा घटक) राहिलं असेल तर आणखी वाईट, उन्हात पडलेला पेपर दोन दिवसांत कसा होतो ते माहितीच आहे. कापसात लिग्निन जवळपास नसतंच.

शाईतही हाच भेद आहे, डाय आणि पिगमेंट. शर्टावर हळदीचा डाग पडला तर आई तो धुऊन उन्हात टाकते आणि डाग उडतो, पण तुळशी वृंदावनाचा गेरू उन्हापावसात किती टिकतो बघा. डायचा एकेक रेणू सुटा असतो, उजेडाने एकेक करून मारता येतो. पिगमेंट म्हणजे रेणूंचा गठ्ठा, साधारण शंभर नॅनोमीटरचा कण, बाहेरचे काही गेले तरी आतले शाबूत. हे शहाणपण लोकांना फुकट आलं नाही. ग्रॅहम नॅश या गायकाने १९९१ मध्ये नॅश एडिशन्स काढून आयरिस ३०४७ नावाच्या प्रिंटरवर कलात्मक फोटो छापायला सुरुवात केली, प्रिंट दिसायला अप्रतिम, पण सुरुवातीच्या शाया डायच्या होत्या आणि त्या काही वर्षांतच फिक्या पडायला लागल्या. तो प्रिंटर आता अमेरिकेत स्मिथसोनियनच्या संग्रहालयात आहे.

थेंबाची एक गंमत सांगतो आणि पुढे जातो. अशा प्रिंटरचा एक थेंब साडेतीन पिकोलिटरच्या आसपास असतो (पिकोलिटर म्हणजे लिटरचा एक लाख कोटीवा भाग). ५ मिलीच्या चमच्यात तसे जवळपास १४० कोटी थेंब बसतात, म्हणजे देशात माणशी एक. काही मशिनींत तो थेंब पिझो स्फटिक ढकलतो. आपल्या गॅसच्या लायटरमध्ये स्फटिक दाबला की वीज निघते, इथे वीज दिली की स्फटिक वाकतो आणि शाई उडते.

मेगापिक्सेलची भीती मात्र फुकटची. माझी फाईल ६००० बाय ४००० पिक्सेल, प्रिंट ३६ बाय २४ इंच, म्हणजे इंचाला १६७ पिक्सेल. मित्र म्हणाला तीनशे पाहिजेत. अरे, तीनशे पाहिजेत ते पुस्तकासारखं फूटभरावर धरून बघायला. डोळ्याची ताकद साधारण एका अंशाचा साठावा भाग, त्या हिशोबाने दोन फुटांवर उभं राहिलात तरी १६७ पुरतात, आणि सोफ्यावरनं बघणार असाल तर साठही चालतील. व्हॉट्सअ‍ॅपने चेपलेली फाईल ही वेगळी गोष्ट. पहिल्या वेळी माझी फाईल चेपून दीड हजार पिक्सेलच उरली होती, म्हणजे ३६ इंचाला इंचामागे चाळीसेक.

ग्लॉसी की मॅट? चांगल्या ग्लॉसी प्रिंटमध्ये सगळ्यात पांढरा आणि सगळ्यात काळा यांचं प्रमाण दोनशेला एक पर्यंत जातं, कापसाच्या मॅट कागदावर पंचेचाळीसला एकच्या आसपास, आणि स्क्रीनवर सहज हजाराला एक. आकडे बघून कुणीही ग्लॉसीच घेईल. पण धुक्यात खोल काळा असतोच कुठे? मॅटवर धुकं हाताला ओलं लागेल असं आलं. कातळ थोडा करडा झाला, ते मी सोडून दिलं. काहीतरी सोडावंच लागतं, आपण काय सोडतोय हे आधी माहिती असलं म्हणजे झालं.

आता माउंटिंग, जिथे साताऱ्याचा पाऊस मधे पडतो. पहिली प्रिंट सनबोर्डवर (हलक्या प्लॅस्टिकच्या फोमचा बोर्ड) चिकटवून, वर लॅमिनेशन मारून मिळाली होती. आषाढात हॉलच्या बाहेरच्या भिंतीला ओल आली, श्रावणात फोटोवर दोन फुगे आले, आणि उन्हाळ्यात बोर्डाला असा बाक आला की कडेला बोट जायला लागलं. तेव्हा वाटलं डिंक हलका वापरला. डिंकापेक्षा मोठं कारण वेगळंच. इस्त्रीच्या थर्मोस्टॅटमध्ये दोन धातूंची जोडपट्टी असते ना, तापली की एक जास्त वाढतो, दुसरा कमी, आणि पट्टी वाकते, तेच इथे. पुढे कागद, मागे उघडा बोर्ड, कागद दमटपणात फुगतो आणि कोरड्यात आकसतो, बोर्डाला दमटपणाचं काही नाही, मग कागद आकसताना बोर्डाला आपल्याकडे ओढतो. म्हणून जाणकार लोक बोर्डाच्या मागच्या बाजूलाही तसाच एक थर चिकटवतात, दोन्हीकडून ओढ सारखी.

भारीतला पर्याय अ‍ॅक्रिलिकमागे फोटो चिकटवायचा. दिसतो जबरदस्त, कारण कागद आणि काच यांच्यामध्ये हवा राहत नाही, हवेच्या पडद्यावर विखुरणारा उजेड वाचतो आणि काळा एकदम खोल होतो, ओला जांभा कोरड्यापेक्षा गडद दिसतो त्यातलाच प्रकार. पण मागे अ‍ॅल्युमिनियमची एसीपी शीट (दोन पातळ पत्र्यांमध्ये प्लॅस्टिक) लावली तर हिशोब करा, एक मीटरची अ‍ॅक्रिलिक शीट २० अंश तापली की साधारण १.४ मिलिमीटर वाढते, अ‍ॅल्युमिनियम जेमतेम अर्धा मिलिमीटर. कडक डिंक हे सहन करत नाही. १९६९ च्या स्विस डायासेक पद्धतीत म्हणूनच लवचिक सिलिकॉन वापरतात. शिवाय एकदा चिकटलं की चिकटलं, कोपरा चिरला तर फोटोसकट गेलं. मला ते नको होतं.

मी घेतलं सगळ्यात जुनं. कापसाचा ३१० जीएसएमचा (चौरस मीटरला ३१० ग्रॅम) कागद, तो कुठेच पूर्ण चिकटवलेला नाही, फक्त वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन पट्ट्या, गव्हाच्या खळीने लावलेल्या. हो, खळच, लहानपणी पतंगाला लावायचो तशी, फक्त स्वच्छ शिजवलेली. लागली तर पाण्याने सुटते. पुढे अ‍ॅसिडमुक्त जाड माउंट, म्हणजे मधे खिडकी कापलेला पुठ्ठा, ज्याने काच कागदापासून लांब राहते, नाहीतर दमट हवेत फोटो काचेला चिकटतो आणि मग कुणीच सोडवू शकत नाही. साधी काच दोन्ही पृष्ठभाग मिळून आठेक टक्के उजेड परत फेकते, समोर खिडकी असेल तर फोटोऐवजी आपलंच तोंड दिसतं, म्हणून लेप दिलेली काच, एक टक्क्याच्याही आत. तिचे पैसे लिहीत नाही, घरात हा लेख वाचला जातो. आणि फ्रेमच्या मागे चार कोपऱ्यांना बुचाचे तुकडे, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांच्यात बोटभर हवा खेळती राहते आणि बुरशीला सोयीची जागा मिळत नाही.

गेल्या जुलैमध्ये, पाऊस ऐन भरात असताना, आई म्हणाली, "अरे तुझ्या फोटोला लाटा आल्यात." बघतो तर खरंच, तिरका टॉर्च मारला की खालच्या बाजूला दोन हलक्या लाटा. कागद ओल पिऊन एक-दोन मिलिमीटर वाढला होता. पोटात गोळा आला, फ्रेम काढून दादाला फोन केला, तो म्हणाला, "हात लावू नका, खाली मोकळाच सोडलाय ना, दिवाळीला बघा." दिवाळीच्या आवराआवरीत फराळाचे डबे बाजूला करून टॉर्च मारला. कागद सपाट होता.