डब्लिनचा पोर्ट टनेल: ट्रक फुकट, कारला टोल

कोल्हापुरात बंदराचा विषय निघाला की चर्चा घाटातच अडकते. शिरोली, गोकुळ शिरगावची कास्टिंग आणि इकडची साखर न्हावा शेवाच्या दिशेनं जाते, कोकणातली बंदरं नकाशावर हाकेच्या अंतरावर, पण मधे आंबा घाट नाहीतर गगनबावडा, आणि 2016 च्या बजेटात मंजूर झालेली कोल्हापूर-वैभववाडी रेल्वे अजून कागदावरच. म्हणून कुठं बंदरासाठी बोगदा झाला म्हटलं की आपण पहिल्यांदा विचारतो किती किलोमीटर आणि किती कोटी. आयर्लंडच्या डब्लिनमधला पोर्ट टनेल बघितला तर ते दोन्ही आकडे दुय्यम वाटायला लागतात, कारण तिथली खरी गंमत खोदकाम संपल्यावर झाली.

आधी बंदर तिथं का आहे ते. डब्लिन लिफी नदीच्या मुखावर वसलेलं आणि मूळचं बंदर पार शहराच्या आत, नदीकाठच्या धक्क्यांवर. अडचण वाळूची, मुखाशी एवढा गाळ साठायचा की मोठी जहाजं आत यायलाच मागत नव्हती. 18 व्या शतकात दक्षिणेला लांबलचक भिंत समुद्रात घातली, मग 1800 च्या सुमारास खाडीचा सर्व्हे करायला कॅप्टन ब्लाय आला (हो, तोच, बाउंटी जहाजावर ज्याच्याविरुद्ध खलाशांनी बंड केलेलं तो) आणि पुढं 1820 च्या दशकात उत्तरेची बुल वॉल पूर्ण झाली. दोन भिंतींच्या मधून ओहोटीचं पाणी जोरात बाहेर पडायला लागलं आणि वाळू आपोआप वाहून जायला लागली. उत्तरेच्या बुल वॉलमागं वाळू साठून साठून एक आख्खं बेट तयार झालं, बुल आयलंड, आज तिथं लोक फिरायला जातात.

तर बंदर हळूहळू पूर्वेला, समुद्राकडं सरकत गेलं. 1791 चं कस्टम हाऊस सुद्धा जुन्या जागेपासून खाली नदीच्या तोंडाकडं नेलेलं आणि त्यावरून जुन्या व्यापाऱ्यांनी बोंबाबोंब केलेली. जहाजं सरकली पण रस्ते आहे तिथंच राहिले. कंटेनर आला, मग रो-रो म्हणजे ट्रेलर थेट बोटीत चढायचे दिवस आले, 1990 नंतर आयर्लंडची इकॉनॉमी सुसाट सुटली, आणि हे सगळे मल्टिॲक्सल ट्रक नदीकाठच्या रस्त्यांनी, ओ'कॉनेल ब्रिजच्या शेजारून, ऑफिसला जाणाऱ्या माणसांच्या अंगावरून बंदरात जायचे. 2006 च्या जनगणनेत डब्लिन महापालिका हद्दीत साधारण 5 लाख लोक होते, 2011 ला आपल्या कोल्हापूर शहरात साडेपाच लाख, म्हणजे प्रकार कसा असेल ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

बाहेरून रिंग रोड होता की, एम50. पण तो घोड्याच्या नालासारखा, पूर्वेची बाजू उघडी, कारण तिकडं समुद्र आणि नेमकं तिकडंच बंदर. ती बाजू पूर्वेच्या बायपासनं बुजवायची योजना बरीच वर्षं चर्चेत होती आणि तिला दक्षिणेकडच्या किनारी वस्त्यांचा कडक विरोध होता. शेवटी त्यातला उत्तरेचा तुकडा तेवढा वेगळा काढला, विमानतळाकडून येणारा मोटरवे ते बंदर, आणि तोही जमिनीखालून, कारण वर घरंच घरं.

2001 ला काम सुरू झालं. रस्ता एकूण 5.6 किलोमीटर, त्यातला बोगदा साधारण 4.5, जायची नळी वेगळी यायची वेगळी. सगळा काय मशीननं पोखरलेला नाही, दोन्ही टोकांना वरून खणून, काँक्रीटचा डबा बांधून परत माती टाकलीय, मधला भाग टीबीएमनं, म्हणजे बोगदा पोखरणाऱ्या मशीननं. खडकातल्या मशीनचा व्यास जवळपास 12 मीटर. फेअरव्ह्यू भागात बेलफास्टची रेल्वे लाइन वरून चालू ठेवून खालून जायचं होतं, तिथं वेगळीच कसरत.

मरिनो भागातल्या लोकांनी मात्र बरंच सोसलं. घराखालून मशीन जाताना हादरे, भिंतींना भेगा, तक्रारींचा ढीग. आधीच घरांची पाहणी करून ठेवायची आणि नुकसान झालं तर दुरुस्तीचा खर्च द्यायचा अशी स्कीम होती, ही गोष्ट मला तरी आवडली, आपल्याकडं भेग जुनी का नवी यावरच दहा वर्षं जातील.

मग उंचीचं भांडण. बोगद्यात वापराची उंची 4.65 मीटर, आणि काही वाहतूकदारांकडं त्याहून उंच ट्रेलर, सुपरक्यूब म्हणायचे त्यांना. आयर्लंडमध्ये तेव्हा वाहनाच्या उंचीला कायद्यानं मर्यादाच नव्हती. ट्रकसाठी बोगदा आणि ट्रकच मावत नाही म्हणून पेपरवाल्यांना आयतं खाद्य मिळालं. वाढवायचा विचार झाला, पण खर्च आणि उशीर बघून सरकारनं 2005 मध्ये नकार दिला, आणि पुढं 2008 मध्ये 4.65 हीच देशभराची मर्यादा करून टाकली. बोगदा गाड्यांच्या मापाचा नाही ना, मग गाड्या बोगद्याच्या मापाच्या करा! हसू येतं, पण हिशेबानं चूक म्हणता येत नाही.

20 डिसेंबर 2006 ला पंतप्रधान बर्टी आहर्न यांच्या हस्ते उद्घाटन, खर्च साधारण 75 कोटी युरो. पहिला महिनाभर फक्त ट्रक सोडले, कार जानेवारीच्या शेवटी. आणि फेब्रुवारी 2007 पासून खरा निर्णय लागू झाला: पाच किंवा जास्त ॲक्सलच्या गाडीला सकाळी 7 ते संध्याकाळी 7 शहराच्या मध्यभागी बंदी, आत माल उतरवायचाच असेल तर परमिट काढा. हे केलं नसतं तर ड्रायव्हर सवयीनं जुन्याच रस्त्यानं गेले असते. अवजड वाहनांना बंदीचे बोर्ड आपल्याकडंही आहेत, पण बोर्डाच्या शेजारी पर्यायी रस्ता असावा लागतो ना.

आता टोल. कोल्हापूरकराला टोल शब्दावर बोलायचं म्हणजे जपूनच. शहरातल्या रस्त्यांच्या टोलविरुद्ध एन. डी. पाटील सरांसारखी ज्येष्ठ माणसं रस्त्यावर उतरली आणि 2015 च्या शेवटी सरकारला तो गुंडाळावा लागला. कोल्हापुरात पैसे वसूल करायला टोल होता. डब्लिनला उलटं: साडेतीन टनांवरचे मालट्रक फुकट, मोठ्या बस फुकट, आणि पैसे कारवाल्यांकडून. तेही गर्दीच्या वेळी 10 युरो किंवा त्याहून जास्त, म्हणजे सकाळी शहरात येताना आणि संध्याकाळी बाहेर पडताना, एरवी तीन-चार युरो. कारवाल्यानं बोगद्यात येऊच नये, आला तर ट्रक अडकणार, म्हणून हा दर. नुसता गल्ला भरायचा असता तर ट्रकवाल्यालाच धरला असता, तो तर येणारच होता.

पूर्वेच्या बायपासचा दक्षिणेकडचा तुकडा मात्र आजही झालेला नाही. तिकडं जाणाऱ्या गाड्यांना 1984 सालचा टोलचा ईस्ट-लिंक पूल आहे, आणि लिफीवर बंदराच्या गाड्यांसाठी अजून एक पूल बांधायचा प्लॅन बंदरवाल्यांनीच पुढं केलाय.