लेटेक अडलं की आधी लॉग बघा

आमच्या टेम्प्लेटमध्ये पुस्तक किंवा प्रबंध लावताना लेटेक (कमांड लिहिलेल्या मजकुरातून पानं जुळवणारा प्रोग्रॅम) मध्येच थांबतं आणि पडद्यावर नुसतं प्रश्नचिन्ह उरतं. घाबरून खिडकी बंद करू नका. तिथे एच टाकून एंटर दाबलं की थोडा खुलासा मिळतो, नुसतं एंटर दाबलं की काम पुढे रेटलं जातं, एक्स टाकून एंटर दाबलं की थांबतं. सगळी हकिकत मूळ फाइलच्याच नावाच्या लॉग फाइलमध्ये उतरलेली असते.

त्या फाइलमध्ये उद्गारचिन्हाने सुरू होणारी पहिली ओळ शोधा. शंभर एरर दिसले तरी पुढचे बरेचसे त्या पहिल्याच्याच पोटचे असतात. तिच्या खाली ‘एल’, टिंब आणि आकडा दिसेल, तो तुमच्या फाइलमधला ओळ क्रमांक. ती ओळ मध्येच तुटलेली असते. लेटेक तिथवर वाचून अडलं. ‘अनडिफाइन्ड कंट्रोल सीक्वेन्स’ (अनोळखी कमांड) असेल, तर तुटलेल्या भागातली शेवटची कमांड पाहा. स्पेलिंग तरी चुकलेलं असतं, नाहीतर तिचं पॅकेज (जादा कमांड पुरवणारी जोड) घ्यायचं राहिलेलं असतं. ‘रनअवे आर्ग्युमेंट’ (कंस न मिटल्याचा एरर) याचा ओळ क्रमांक मात्र चकवतो, कारण न मिटलेला महिरपी कंस बराच वर असू शकतो.

प्रकरणं वेगवेगळ्या फाइलींत असतील तर कंपाइल करताना, म्हणजे फाइलवर लेटेक चालवताना, ‘फाइल-लाइन-एरर’ हा पर्याय लावा. मग ओळ क्रमांकासोबत फाइलचं नावही छापलं जातं.

‘ओव्हरफुल एचबॉक्स’ ही वॉर्निंग आहे, एरर नव्हे. ओळ एखादा पॉइंट बाहेर गेली तर आम्हीही दुर्लक्ष करतो. 20 पॉइंट म्हणजे सुमारे 7 मिलिमीटर. ते मात्र समासात उघड दिसतं.

देवनागरीत खरी भीती ‘मिसिंग कॅरेक्टर’ची. फॉन्टमध्ये अक्षर नसलं तरी लेटेक थांबत नाही. पीडीएफ तयार होते, फक्त ते अक्षर गळतं किंवा जागी चौकोन उमटतो. जुन्या आवृत्त्यांत याची नोंद पडद्यावर येतच नाही, केवळ लॉगमध्ये राहते. टेक लाइव्ह (लेटेकचा संच) 2021 पासून ‘ट्रेसिंगलॉस्टकॅर्स’ या सेटिंगची किंमत 3 ठेवली की हा थेट एरर धरला जातो. आमच्या टेम्प्लेटमध्ये ती 3च आहे. कटकट वाटली तरी बदलू नका. बॅचमोड (न थांबता गुपचूप कंपाइल करायची पद्धत) हाही शक्यतो टाळा, कारण त्यात पडद्यावर काहीच उमटत नाही.

मदत हवी असेल तर पडद्याचा फोटो नको, पूर्ण लॉग फाइल पाठवा. पुन्हा कंपाइल केलं की जुना लॉग पुसला जातो, म्हणून आधी त्याची प्रत काढून ठेवा. त्यात तुमच्या संगणकावरच्या फोल्डरांची नावं असू शकतात; ती द्यायची नसतील तर खोडा, बाकी मजकुराला हात लावू नका.

चूक दुरुस्त करूनही तोच एरर येत असेल, तर ऑक्स फाइल (लेटेकने पुढच्या वेळेसाठी लिहून ठेवलेली सहायक फाइल) डिलीट करून दोनदा कंपाइल करा. अर्धवट लिहिलेली ऑक्स फाइल पुन्हा वाचली गेल्यानेही असं होतं.