बिनव्याजी गाडीकर्ज आधी फेडलं की पैसे वाचतात?

एमएच १३ ची नवी गाडी दारात आली की सोलापुरात सल्ला ठरलेला: "बोनस आला की हप्ते एकरकमी मिटवून टाक, पैसे वाचतील." व्याजाच्या कर्जात वाचतातही. बिनव्याजी कर्जात वाचायला व्याजच नसतं.

समजा, ३ लाख बाकी आहेत, हप्ता १० हजारांचा. तेच ३ लाख ६ टक्क्यांनी ठेवून महिन्याला त्यातूनच हप्ता काढला, तर ३० महिन्यांनी, कर धरला नाही तर, साधारण २५ हजार उरतात. मधेच दवाखाना निघाला तरी पैसा आपल्याच हातात. (तो गड्डा यात्रेत उडणार असेल तर मात्र फेडून टाकलेला बरा!)

आता 'शून्य टक्के' खरंच शून्य का? असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलंय. बऱ्याचदा रोखीची सूट नाकारून व्याज वसूल होतं. ती सूट लवकर फेडल्याने परत मिळत नाही. परतफेडीच्या तक्त्यात व्याजाचा रकाना दिसला, तर मुदतपूर्व फेडीचं शुल्क वजा करून हिशेब मांडा.

गाडी विकायची असेल तर गोष्ट वेगळी. कर्ज मिटवून बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणि फॉर्म ३५ (कर्ज संपल्याची सूचना) आरटीओत दिल्याशिवाय आरसीवरचा (नोंदणी प्रमाणपत्रावरचा) बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, उतरत नाही.