पुराव्याधारित लँडस्केप डिझाइन

बाग, अंगण, गच्ची, चालायची वाट अशा उघड्यावरच्या जागा नुसत्या अंदाजाने न आखता, माणसाच्या तब्येतीवर त्यांचा काय परिणाम होतो हे संशोधनातून बघून आखायची पद्धत. हॉस्पिटल, वृद्धाश्रम, डिमेन्शिया (स्मृती आणि समज कमी होत जाण्याचा आजार) असलेल्यांची केंद्रं इथे जास्त वापरतात.

सुरुवात कुठून धरायची यावर एकमत नाही. बहुतेक जण पर्यावरणाचा माणसावर होणारा परिणाम अभ्यासणारे संशोधक रॉजर उलरिच यांच्या १९८४ च्या पेपरकडे बोट दाखवतात. पेनसिल्व्हेनियातल्या एका हॉस्पिटलात १९७२ ते १९८१ दरम्यान पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या पेशंटच्या २३ जोड्या त्यांनी जुन्या रेकॉर्डवरून लावल्या, जोडीतल्या एकाच्या खिडकीतून झाडं दिसायची तर दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत, आणि झाडंवाले सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंतवाले ८.७० दिवसांत, शिवाय झाडंवाल्यांना स्ट्राँग पेनकिलरही कमी लागले. आकडे भारी आहेत, पण यात बागेत कोणी पाऊलही टाकलेलं नाही, आणि खोल्या चिठ्ठ्या टाकून नाही तर रिकाम्या होतील तशा मिळालेल्या. त्यामुळे खिडकीच्या बाबतीत १९८४ ठीक, बागेपुरती सुरुवात मात्र लँडस्केप डिझाइनच्या अभ्यासक क्लेअर कूपर मार्कस आणि मार्नी बार्न्स यांच्या १९९५ च्या कामापासून धरणं जास्त बरोबर वाटतं, कारण त्यांनी हॉस्पिटलच्या बागांत बसून लोक काय करतात ते पाहिलं आणि त्यांना विचारलं. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी खिडकीबाहेरच्या दृश्याबद्दल आणि फुलांबद्दल १८५९-६० च्या सुमारास लिहिलंय खरं, पण ते अनुभवातून, मोजमाप करून नाही.

फायदा का होतो याचे दोन सिद्धांत आहेत. मानसशास्त्रज्ञ रेचल आणि स्टीफन कॅप्लन हे दांपत्य म्हणतं, थकलेलं लक्ष निसर्गात ताजं होतं, तर उलरिच म्हणतात, ताण उतरतो. एकच निवडायची गरज नाही.

डिझाइनला जास्त कामाचं म्हणजे उलरिच यांचेच चार मुद्दे: आपल्या मर्जीने वावरता येणं, सोबत, हालचाल, निसर्गाकडे लक्ष जाणं. मग हिरवळ भरपूर, फरशी-काँक्रीट कमी, पाठ आणि हात असलेले बाक (उठताना आधार लागतो हो), डोळ्यांवर न चमकणारी फरशी. डिमेन्शियासाठी वाट गोल फिरून परत दाराशी येणारी, विषारी झाडं नकोत. कॅन्सरची केमोथेरपी चालू असलेल्यांसाठी उग्र वासाची फुलं टाळतात.

हॉस्पिटलबाहेर, २०१९ च्या इंग्लंडमधल्या सुमारे २० हजार लोकांच्या अभ्यासात आठवड्याला निदान १२० मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांनी तब्येत बरी असल्याचं जास्त सांगितलं. पण हे लोकांनी स्वतः सांगितलेलं, आणि मुळात धडधाकट माणूसच जास्त बाहेर पडतो, म्हणून डिझाइनचा नियम म्हणून १२० हा आकडा जपूनच वापरावा.