एक लगाम, दोन तोंडं

नऊशे किलोचा घोडा बिथरून पळाला, तर दोन माणसं लगामाला लोंबकळली तरी तो थांबत नाही. शायर, पर्शेरॉन, बेल्जियन या अवजड जातींतले चांगले पोसलेले घोडे सहज एवढे भरतात. गाडीला तर असे दोन जुंपायचे असतात आणि त्यांना आवरायला माणसाच्या हातात असतात दोन चामडी वाद्या. ताकदीच्या हिशेबाने हे जमूच नये. तरीही नीट शिकवलेली जोडी बोटांच्या हलक्या दाबावर वळते, एका शब्दावर उभी राहते. हे कसं घडतं हे समजून घ्यायचं, तर आधी घोडा शिकतो कसा ते पाहावं लागतं.

लगाम ओढला की घोडा थांबतो, असं आपण म्हणतो. पण कोऱ्या घोड्याला ओढण्याचा अर्थ मुळी ठाऊकच नसतो. तोंडातल्या लोखंडी कडियाळ्याचा दाब त्याला नकोसा होतो, एवढंच. त्यातून सुटायला तो काहीबाही करून बघतो. मान वर टाकतो, कडियाळं चावतो, आडवा होतो आणि कधीतरी पाऊल रोखतो. नेमक्या त्याच क्षणी हात सैल झाला, तर थांबलं की सुटका होते, ही गाठ त्याच्या डोक्यात पक्की बसते. मानसशास्त्रात याला ऋण प्रबलन म्हणतात. नाव ऐकून शिक्षा वाटते, पण ती शिक्षा नव्हे. इथे नकोशी गोष्ट काढून घेणं हेच बक्षीस असतं. ते वेळेवर मिळायला हवं. घोडा थांबल्यावर आणखी दोन-तीन सेकंद दाब तसाच राहिला, तर मधल्या वेळात त्याने मान झटकलेली असते, आणि मग तो थांबायला नाही, मान झटकायला शिकतो.

जोडीची खरी अडचण इथेच सुरू होते. जोडीच्या लगामाला पुढे फाटे असतात. उजव्या वादीचा एक फाटा उजव्या घोड्याच्या तोंडाच्या उजव्या बाजूला जातो, तर दुसरा तिरका जाऊन डाव्या घोड्याच्या तोंडाच्या उजव्या बाजूला. डाव्या वादीचंही तसंच. त्यामुळे हात एक हलला की दोन्ही तोंडांना निरोप जातो. आता समजा, एक घोडा चटकन थांबला आणि दुसरा ओढतच राहिला. हात सैल करावा, तर न ऐकणाऱ्याला बक्षीस मिळतं. न करावा, तर ऐकणाऱ्याला शिक्षा होते. असं रोज होत राहिलं की शहाण्या घोड्याचंही तोंड जड होतं. ऐकून उपयोग नाही, हेच तो शिकलेला असतो. म्हणून प्रत्येक घोडा आधी एकटा, पुरता तयार करायचा. आठवडाभर हाताळून दोघांना एकदम जुंपणाऱ्याची घाई मला क्रूर वाटते, कारण तिची किंमत घोडा मोजतो.

एकट्याचं शिक्षण गाडीशिवाय सुरू होतं. लांब वाद्या घेऊन माणूस घोड्याच्या मागून चालतो आणि चल, थांब, वळ, मागे सर हे शब्द पक्के करतो. शब्दांवर इतका भर का, ते हान्स नावाच्या घोड्याच्या गोष्टीवरून कळतं. गेल्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये हा घोडा खूर आपटून गणितं सोडवायचा. १९०७ मध्ये ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की हान्सला गणित येत नव्हतं. खुराचे ठोके उत्तरापर्यंत पोचले की प्रश्न विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित हलायचं आणि हान्स तेवढं टिपायचा. माणसाच्या देहाची इतकी बारीक भाषा वाचणारा हा प्राणी आहे. पण गाडी हाकणारा बसतो मागे, आणि बहुतेक जोड्यांच्या डोळ्यांना झापडं असतात. हान्सकडे जे होतं तेच इथे काढून घेतलेलं असतं. उरतो तो लगाम, चाबकाचा हलका स्पर्श आणि आवाज. त्यातही लगाम दोघांना पोचतो, पण नाव घेऊन हाक मारली की ती एकालाच पोचते. म्हणून मुरलेला गाडीवान आधी नाव घेतो, मग शब्द उच्चारतो आणि लगाम सर्वांत शेवटी.

झापडं लावायचं कारण घोड्याच्या नजरेत आहे. डोकं न वळवता त्याला जवळजवळ साडेतीनशे अंशांचा परिसर दिसतो. ठार आंधळी जागा असते ती थेट शेपटीमागे आणि कपाळापुढे थोडी. वळताना चाक कडेने दिसायला लागलं, की काहीतरी पाठलाग करतंय असं त्याला वाटू शकतं. पण झापडं दृश्य लपवतात, आवाज नाही. तो ओळखीचा करावाच लागतो, आणि त्यासाठी जुना टायर फार उपयोगी पडतो. पहिल्या दिवशी मदतनीस टायर दोरीने ओढत घोड्याच्या पुढे चालतो. खडीवर टायर खरखरतो, घोडा थबकतो, कान पुढे रोखतो, श्वास धरतो. मग फुरफुरतो आणि टायरच्या मागे चालू लागतो. भ्यायची वस्तू आपल्यापासून लांब पळते आहे, हे त्याच्या पचनी पडतं. काही दिवसांनी टायर बाजूला येतो, आधी डावीकडे, मग उजवीकडे. एका बाजूने सवयीची झालेली वस्तू दुसऱ्या बाजूला आली की घोडा पुन्हा दचकतो, म्हणून हा धडा दोन्हीकडून द्यावाच लागतो. सर्वांत शेवटी टायर मागे जातो. तेव्हाही दोरी साजाला बांधलेली नसते, माणसाच्या हातात असते, म्हणजे गडबड झाली तर नुसती सोडून देता येते.

अवजड जातींना थंड रक्ताचे घोडे म्हणतात. हे स्वभावाचं वर्णन झालं. रक्त त्यांचंही इतर घोड्यांइतकंच गरम असतं. त्यांची शांतता मात्र फसवी असू शकते. भ्यालेला मोठा घोडा कधीकधी उधळत नाही, गोठतो. रवंथासारखी चालणारी तोंडाची हालचाल बंद पडते, नाकपुड्या ताठ होतात, पोट हलायचं थांबतं. हे दिसलं की पुढचा धडा थांबवायचा.

धडेही थोडेच द्यायचे. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आठवड्यातून एकदाच शिकवलेल्या तट्टांना ठरावीक पातळी गाठायला रोज शिकवलेल्यांपेक्षा कमी धडे लागले. मधली विश्रांतीही शिकण्याचाच भाग असते.

जोडी जुंपायचा दिवस येतो तेव्हा नवख्याशेजारी मुरलेला घोडा लावतात. रंग जुळण्यापेक्षा चाल जुळणं महत्त्वाचं, कारण पावलाची लांबी वेगळी असेल तर एकाला सतत रेटावं लागतं आणि दुसऱ्याला सतत आवरावं. ओढ वाटून देण्याचं काम मात्र एक साधी आडवी दांडी करते. तराजूच्या दांडीसारखी ती मधोमध खिळीवर फिरते आणि तिच्या दोन टोकांना दोन घोड्यांचे ओढीचे पट्टे येतात. मागे पडलेला घोडा कमी ओढतो, असं पाहणाऱ्याला वाटतं. खरं तर दांडी मोकळी फिरत असेपर्यंत दोघांची ओढ सारखीच असते, नाहीतर ती त्या जागी टिकलीच नसती. दांडी पुरती कलून अडकली की मात्र सगळा भार पुढच्यावर येतो. हीच दांडी वापरून दुबळ्याचा भार हलकाही करता येतो. एक मीटरच्या दांडीची खीळ मधोमध न ठेवता पाच सेंटिमीटर तगड्या घोड्याकडे सरकवली, तर त्याच्या बाजूला ४५ आणि दुबळ्याच्या बाजूला ५५ सेंटिमीटर उरतात. तरफेच्या नियमाने तगड्याच्या वाट्याला ५५ टक्के ओढ येते, दुबळ्याच्या ४५. अनेक डौलदार बग्ग्यांना ही फिरती दांडी नसते, पट्टे पक्क्या आडव्या लाकडाला अडकवलेले असतात. तिथे एक घोडा सैल पट्ट्यांनी नुसता मिरवत चालू शकतो, आणि ते ओळखणं गाडीवानाच्या नजरेवर सोडलेलं असतं.

शरीराचाही आपला वेग असतो. दम आणि स्नायू काही आठवड्यांत सुधारतात. हाडं, स्नायुबंध यांना कितीतरी जास्त वेळ लागतो. पाठीच्या मणक्यांची वाढ तर पाच-साडेपाच वर्षांपर्यंत चालू असते. तीन वर्षांचा घोडा उंचीने पुरता दिसला, तरी आतून कोवळाच असतो. त्याला हलकी गाडी, सपाट रस्ता आणि थोडा वेळ एवढंच द्यावं.

काम संपल्यावर आधी ओढीचे पट्टे सोडायचे. गाडी पुरती सुटेपर्यंत तोंडावरचा साज काढायचा नाही, कारण झापडं निघाली आणि मागे अचानक गाडी दिसली तर शिकवलेलं सगळं एका क्षणात जातं. मग गळ्यातली जाड कॉलर उतरवायची आणि दोन्ही खांद्यांवरून तळहात फिरवायचा. कामाने घोडा थोडा उतरला की महिन्यापूर्वी बरोबर बसलेली कॉलर सैल होते आणि घासू लागते. घामाने ओल्या केसांखाली एखादी जागा जास्त गरम लागली, किंवा हात पोचताच कातडी थरथरली, तर दुसऱ्या दिवशी त्या खांद्यावर कॉलर चढवायची नाही.