कॉकपिटमधला संघ कसा घडतो?

२७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ या स्पॅनिश बेटावरच्या विमानतळावर दाट धुक्यात दोन जंबो जेट विमाने धावपट्टीवर एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. समोरचे विमान अजून धावपट्टीवरच असावे, ही शंका त्यांपैकी केएलएम या डच कंपनीच्या विमानातील फ्लाइट इंजिनिअरने बोलून दाखवली होती. परंतु कंपनीचे ज्येष्ठ प्रशिक्षक असलेल्या कप्तानाने ती ठामपणे झटकली आणि विषय तिथेच थांबला. पुढच्या वर्षी अमेरिकेतील पोर्टलँडजवळ युनायटेड या विमान कंपनीचे एक विमान लँडिंग गिअरमधील (उतरण्याच्या चाकांच्या यंत्रणेतील) बिघाड तपासत सुमारे तासभर घिरट्या घालत राहिले आणि इंधन संपून कोसळले. इंधन घटत असल्याचे सहकाऱ्यांना दिसत होते, मात्र ते त्यांनी ठणकावून सांगितले नाही.

दोन्ही कप्तान अनुभवी होते. कमी पडले ते आपसातले बोलणे, आणि म्हणूनच १९७९ मध्ये नासाने भरवलेल्या कार्यशाळेतून पुढे आलेले ‘क्रू रिसोर्स मॅनेजमेंट’ हे प्रशिक्षण मला विमानाच्या कोणत्याही नव्या यंत्राइतकेच मोलाचे वाटते. त्यात कनिष्ठाने शंका स्पष्ट शब्दांत मांडायची असते आणि कप्तानाने ती मागून घ्यायची असते; अंतिम निर्णय मात्र कप्तानाचाच राहतो. १९८९ मध्ये अमेरिकेतील सू सिटी येथे, विमान वळवण्या-सावरण्यासाठी लागणाऱ्या सर्व हायड्रॉलिक यंत्रणा निकामी झालेले विमान उतरवताना कप्तान अल हेन्स यांनी प्रवासी म्हणून आलेल्या एका प्रशिक्षक वैमानिकालाही मदतीला घेतले. विमानातील २९६ पैकी १८४ जण वाचले, आणि हेन्स यांनी त्याचे मोठे श्रेय या प्रशिक्षणाला दिले.

संघ टिकवण्याचा प्रश्न याहून दुर्लक्षित आहे. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने १९९४ मध्ये मोठ्या अपघातांचा अभ्यास केला, तेव्हा माहिती उपलब्ध असलेल्यांपैकी ७३ टक्के अपघात वैमानिकांच्या एकत्र कामाच्या पहिल्याच दिवशी, तर ४४ टक्के पहिल्याच उड्डाणात घडल्याचे आढळले. नासाच्या एका प्रयोगात तर, नुकतेच एकत्र उड्डाण केलेले थकलेले वैमानिक ताज्यातवान्या पण परस्परांना अनोळखी जोड्यांपेक्षा सरस ठरले. वारंवार माणसे बदलून संघ ‘ताजे’ ठेवू पाहणाऱ्या कार्यालयांनी हे निष्कर्ष गांभीर्याने घ्यावेत.

जिथे रोज नवी माणसे एकत्र येणे अटळ असते, तिथे निदान सुरुवात तरी नीट करता येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शस्त्रक्रिया-तपासणी यादीत, चीर देण्यापूर्वी प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगावे, असे एक कलम आहे. नवी दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत ही यादी वापरल्यावर गुंतागुंतीचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. यादीत इतरही अनेक कलमे असल्याने सारे श्रेय या ओळखीला देता येणार नाही; पण ज्याने सुरुवातीला एकदा तोंड उघडले आहे, त्याला पुढे धोका दिसताच बोलणे सोपे जावे, हाच त्या कलमामागचा विचार आहे.